लॉर्ड्सवर पाच दिवस आणि मामाचं स्कोअरबुक

गुरुवार, १० जुलै २०२५

वेम्बली पार्कहून जुबिली लाइनने निघालं की आठवं स्टेशन सेंट जॉन्स वूड. सकाळी साडेआठलाच डब्यात उभं राहायला जागा नव्हती. निळे भारतीय टी-शर्ट, पांढऱ्या हॅट, खाण्याच्या टोपल्या घेतलेली म्हातारी इंग्रज जोडपी. मामाने पिशवी पोटाशी धरली होती. आत एक दुर्बीण, टोक काढलेल्या सहा पेन्सिली आणि नवंकोरं स्कोअरबुक.

मामाने तीस वर्षं क्लबच्या सामन्यांचं स्कोअरिंग केलं. मुंबईच्या पावसाळी कांगा लीगमध्ये वरून पाऊस आणि मांडीवर स्कोअरबुक, अशा अवस्थेतही एक चेंडू त्याने सुटू दिला नाही. निवृत्त झाल्यापासून त्याचं एकच म्हणणं होतं, लॉर्ड्सवर एका अख्ख्या कसोटीचा प्रत्येक चेंडू मला माझ्या हाताने लिहायचाय. भारत-इंग्लंड कसोटीच्या तिकिटांच्या लॉटरीत आमची नावं लागली तेव्हा तो फोनवर काही वेळ बोललाच नव्हता. मी टीव्हीवर क्रिकेट बघत मोठी झाले, पण पाच दिवस सलग मैदानात बसायची माझी ही पहिलीच वेळ.

आमच्या जागा नर्सरी एंडला, कॉम्प्टन स्टँडच्या खालच्या भागात होत्या. समोर १८९० सालचं लाल विटांचं पॅव्हिलियन, डाव्या हाताला माउंड स्टँडची तंबूसारखी पांढरी छतं. बसल्यावर मी पहिल्यांदा पाहिला तो उतार. या उताराबद्दल आयुष्यभर ऐकलंय, पण टीव्हीवर तो कधी जाणवत नाही. मैदानाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जवळजवळ अडीच मीटरचा फरक आहे, आणि तो साध्या डोळ्यांना दिसतो. आमच्या उजव्या हाताचा क्षेत्ररक्षक डावीकडच्यापेक्षा उंचावर उभा होता! पॅव्हिलियनकडून टाकलेला चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत येतो, आमच्या बाजूने टाकलेला बाहेर जातो. गोलंदाजाने काहीही न करता. मामा म्हणाला, "अगं, इथे जमीनच अकरावा गोलंदाज आहे. लिहायला मात्र कॉलम नाही."

खेळ सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी पॅव्हिलियनमधली घंटा वाजवतात. आज ती सचिनने वाजवली. सकाळीच एमसीसीच्या, म्हणजे लॉर्ड्स ज्या क्लबचं आहे त्याच्या, संग्रहालयात त्याच्या चित्राचं अनावरण झालं होतं. लॉर्ड्सवर कसोटीत शतक न झालेल्या माणसासाठी सगळं मैदान उभं राहिलं होतं, इंग्लंडचे लोकसुद्धा. माझे डोळे भरून आले.

मालिका १-१ अशी. इंग्लंडने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. चौदाव्या षटकात नितीश रेड्डीने डकेट आणि क्रॉली दोघांनाही काढलं. पुढे रूट आणि पोप यांनी इतक्या सावकाश धावा काढल्या की शेजारचे आजोबा म्हणाले, हा आपल्या काळातला इंग्लंड वाटतोय. मला ही संथ दुपार फार आवडली. लॉर्ड्सवर ढोल, झेंडे, वाद्यं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे दोन चेंडूंच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुण चालू असते. गोलंदाज धावायला लागला की ती विरते, चेंडू बॅटला लागला की पुन्हा सुरू होते. दिवसभर हे कानावर पडत राहिलं की आपला श्वासही त्याच लयीत चालायला लागतो.

पंतच्या बोटाला लागलं आणि जुरेल कीपिंगला आला. तेव्हा आम्ही फक्त पंतची काळजी करत होतो. चहानंतरच्या पहिल्याच चेंडूवर जडेजाने पोपला जुरेलकडे झेल द्यायला लावला. संध्याकाळी उडत्या किड्यांचे थवे आले, स्टोक्स हातांनी ते झटकत होता, खेळ थांबला. शेवटच्या षटकात रूट ९८ वर. त्याने चेंडू लांब मारून एक धाव पूर्ण केली. दुसरीसाठी त्याने मान वर केली तर तिकडे जडेजा चेंडू गवतावर ठेवून त्याला "ये, ये" करत होता. रूट हसला आणि ९९ वर थांबला. बाद ४, धावा २५१. मामाने रूटच्या ओळीत शेवटचा एक लिहिला आणि पुढे जागा सोडली.

शुक्रवार, ११ जुलै

आज मैदान लाल. इंग्लंडचा माजी कर्णधार अँड्र्यू स्ट्रॉसची बायको, फुप्फुसाच्या कॅन्सरने गेलेल्या रूथ स्ट्रॉसच्या नावाने चालणाऱ्या संस्थेसाठी लॉर्ड्सच्या दुसऱ्या दिवशी सगळे लाल घालून येतात. मी लाल ओढणी नेली होती. मामाने लाल पेन्सिल काढली.

बुमराच्या पहिल्याच चेंडूवर रूटचा चौकार, शतक. सोडलेली जागा भरली. त्यानंतर बुमराने जे केलं ते बघायला मी पुन्हा एकदा एवढ्या लांब येईन. स्टोक्सचा त्रिफळा, रूटचा त्रिफळा, पुढच्याच चेंडूवर वोक्स. टीव्हीवर बुमराचा हात दिसतो. मैदानात दिसतात ती त्याची अडखळत टाकलेली पावलं, आणि शेवटच्या क्षणी सगळं अंग एका रेषेत येणं. ७४ धावांत ५ बळी. लॉर्ड्सच्या सन्मानफलकावर त्याचं नाव लागलं, आणि भारताबाहेर एका डावात पाच बळी घेण्याची ही त्याची तेरावी खेप. कपिलदेवच्या बारा होत्या.

पण ७ बाद २७१ वरून इंग्लंड ३८७ पर्यंत पोचलं. जेमी स्मिथचा झेल पाचवर सुटला होता, तो ५१ करून गेला. कार्सने ५६ काढल्या. मधे चेंडूचा आकार बिघडला म्हणून तो बदलला आणि बदलून मिळालेला चेंडू काही केल्या वळेना. गिल पंचांशी बराच वेळ बोलत होता. आम्हाला ऐकू काहीच येत नव्हतं, पण त्याच्या हातवाऱ्यांवरून सगळं कळत होतं.

जेवणाच्या सुट्टीत संग्रहालयात जाऊन आलो. १९३६ साली जहांगीर खान यांच्या चेंडूने मेलेली चिमणी तिथे त्या चेंडूवर बसवून ठेवलेली आहे. इतकी लहान आहे! मामा तिच्यापुढे किती वेळ उभा होता. बाहेर येताना म्हणाला, "त्या दिवशीच्या स्कोअररने तो चेंडू कसा लिहिला असेल गं?"

दुपारी आर्चर. २०२१ नंतरची त्याची पहिली कसोटी, आणि तिसऱ्याच चेंडूवर जैस्वाल स्लिपमध्ये झेलबाद. माझ्या पोटात गोळा आला, पण त्या क्षणी मैदानाचा जो आवाज झाला तो खरा होता. चार वर्षं दुखापतींशी झगडून परत आलेल्या माणसासाठीचा आवाज. मी टाळ्या वाजवल्या. नंतर रूटने करुण नायरचा झेल एका हाताने, जमिनीलगत घेतला. कसोटीतला त्याचा २११ वा, द्रविडच्या पुढचा. तीन बाद १४५.

शनिवार, १२ जुलै

उन्हाने आज कहर केला. लंडनमध्ये तिशीच्या आसपासचं तापमान, आणि आमच्या जागेवर सावलीचा पत्ता नाही. मामाने ओला रुमाल डोक्यावर घेतला आणि लिहीत राहिला.

राहुल आणि पंत. एक जण चेंडू शरीराजवळ येऊ देऊन अगदी उशिरा खेळणारा, दुसरा बोटाला पट्टी बांधूनही पुढे सरसावणारा. दर फटक्यानंतर पंत हात झटकायचा आणि आमच्या स्टँडमधल्या बायका "अरे रे" करायच्या. दोघांनी १४१ धावा जोडल्या. जेवणाच्या आधीचं शेवटचं षटक, राहुल ९८ वर. त्याला सुट्टीआधी शतक करता यावं म्हणून पंत एक चोरटी धाव काढायला धावला. स्टोक्सने कव्हरकडून धावत येऊन, वळून, एका झटक्यात यष्टी उडवली. पंत ७४ वर धावबाद.

टीव्हीवर असता तर मी चेंडू बघितला असता. मैदानात होते म्हणून मला पंतचा पहिला पाय बघायला मिळाला. त्याने निघताना अर्धं पाऊल उशीर केला होता आणि ते अर्धं पाऊल पुढे अख्खा सामना आमच्या मागे लागलं. जेवणाला चार बाद २४८. कुणी जागेवरून उठायला तयार नव्हतं.

परत आल्यावर राहुलने शतक पूर्ण केलं आणि लगेच बशीरला झेल देऊन गेला. लॉर्ड्सवर एकाहून जास्त कसोटी शतकं करणारा तो दुसराच भारतीय. पहिले वेंगसरकर, १९७९, १९८२ आणि १९८६. मामाचा आवाज इथे बदलला. "१०३, १५७ आणि नाबाद १२६," त्याने कुठेही न बघता सांगितलं. तीन शतकं लॉर्ड्सवर करणारे कर्नल, म्हणजे वेंगसरकरच, हे पहिलेच पाहुणे फलंदाज. ८६ चं शतक मामाने रेडिओवर ऐकत ऐकत वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं होतं. आणि मग अजित आगरकर, २००२, नाबाद १०९. तो सामना आपण हरलो, पण आठव्या नंबरवर येऊन लॉर्ड्सवर शतक काढणारा मुंबईचा पोरगा मामाच्या लेखी अजून नाबाद आहे.

जडेजाने ७२ काढल्या. शेवटचे गडी भराभर गेले आणि स्कोअरबोर्डवर आकडा थांबला, ३८७. इंग्लंडच्या ३८७, आपल्या ३८७. मैदानभर आधी शांतता, मग हसणं, मग टाळ्या. मामाने दोन पानं समोरासमोर उघडली आणि तळाच्या दोन बेरजांवर दोन बोटं ठेवून बसला. त्याच्या इतक्या वर्षांच्या स्कोअरिंगमध्ये असं कधी घडलं नव्हतं.

संध्याकाळी इंग्लंडला दोन षटकं तरी खेळावी लागतील असं वाटत होतं. क्रॉलीने बाजूला होत, हातमोजे काढत, फिजिओला बोलावत एकाच षटकात वेळ संपवला. गिल त्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. मामाला हे आवडलं नाही. दोघांचंही. तो म्हणाला, सहा चेंडू टाकायला इतका वेळ लागत नाही, आणि सहा चेंडूंसाठी इतकं चिडूही नये.

रविवार, १३ जुलै

शनिवारच्या त्या एका षटकाने सगळं मैदान तापवून ठेवलं होतं. सिराजने डकेट आणि पोपला घालवलं, नितीशने क्रॉलीला, आकाशदीपने ब्रूकच्या यष्ट्या वाकवल्या. आमच्या स्टँडमध्ये कोणी कोणाला ओळखत नव्हतं आणि सगळे सगळ्यांना मिठ्या मारत होते.

रूट आणि स्टोक्स जमले तेव्हा पुन्हा तीच गुणगुण सुरू झाली. मग वॉशिंग्टन सुंदर आला. रूट स्वीपला गेला आणि मागून त्रिफळा. स्मिथ त्रिफळा. स्टोक्स त्रिफळा. चार बाद १५४ वरून सगळे बाद १९२. सुंदरने २२ धावांत चार बळी घेतले, चारही त्रिफळा, आणि डावात एकूण सात जणांच्या यष्ट्या उडाल्या. मामाचं पान 'त्रिफळा, त्रिफळा' असं एखाद्या शाळकरी मुलाने शुद्धलेखन घोटावं तसं दिसत होतं.

माझं लक्ष मात्र त्याच पानाच्या तळाशी गेलं. अवांतर धावा ३२. लॉर्ड्सवर चेंडू बॅटवरून पुढे गेल्यावरही हवेत डगमगतो, कीपरच्या हातात येता येता दिशा बदलतो. जुरेल बिचारा दोन्ही बाजूंना झेपावत होता आणि बाय, म्हणजे बॅटला न लागता मिळणाऱ्या धावा, जात होत्या. जाताना त्या किती निरुपद्रवी वाटतात. पंच हात वर करतात, कुणी ओरडत नाही, कुणाचं नाव लागत नाही. मामाने नुसती भुवई उंचावली आणि बेरीज पक्की केली.

जिंकायला १९३. मी मनात म्हटलं, झालं आपलं काम.

जैस्वाल शून्यावर. नायर पायचीत. गिल पायचीत. नाइट वॉचमन म्हणून आलेला आकाशदीप दिवसाच्या अगदी शेवटी स्टोक्सला त्रिफळा, आणि खेळ तिथेच संपला. चार बाद ५८. स्टेशनकडे जाताना वेलिंग्टन रोडवर हजारो माणसं चालत होती आणि फक्त पावलांचा आवाज येत होता. राहुल अजून ३३ वर होता. रात्री झोप लागली नाही ती त्याच्याच भरवशावर.

सोमवार, १४ जुलै

१३५ धावा, सहा गडी. आम्ही फाटक उघडायच्या आधी रांगेत होतो. इंग्लंडचे लोक आज आठवण काढत होते की २०१९ चा वर्ल्ड कप त्यांनी याच तारखेला, याच मैदानावर जिंकला होता.

आर्चरने पंतची ऑफ स्टंप उखडली. राहुल स्टोक्सला पायचीत, ३९. सुंदरचा झेल आर्चरने स्वतःच्याच गोलंदाजीवर झेपावून घेतला. सात बाद ८२. सोबत आलेले काही लोक पिशव्या आवरायला लागले. मामाने नवीन पेन्सिल काढली.

जडेजा आणि नितीश तीस धावा टिकले. जेवणाला जाता जाता नितीश गेला. आठ बाद ११२. आता बुमरा.

बुमराने ५४ चेंडू खेळले आणि ५ धावा केल्या. हे वाक्य वाचायला दोन सेकंद लागतात. मैदानात ते ५४ चेंडू कसे गेले हे मला नीट सांगता यायला हवं. प्रत्येक षटकात जडेजा चौथ्या-पाचव्या चेंडूवर एक धाव काढून स्ट्राइक बदलायचा, किंवा काढायचाच नाही. बुमराकडे एक-दोन चेंडू यायचे. स्टोक्स धावत यायचा, त्याचा चेहरा लाल झालेला, पाय ओढतोय हे आम्हाला शंभर हातांवरून दिसत होतं, आणि तरी तो षटक संपल्यावर चेंडू दुसऱ्याला देत नव्हता. बुमरा चेंडू अडवायचा. अडवला की तीस हजार माणसं टाळ्या वाजवायची. अडवलेल्या चेंडूला! मामा टिंब काढायचा. एक टिंब, मग अजून एक. षटकात सहाही टिंबं आली की स्कोअरर ती जोडून त्यांचा एम करतात, निर्धाव षटकाची खूण. पण मामा आज जोडत नव्हता. म्हणाला, "सुटीच राहू देत. एकेक मोजून कमावलंय."

३५ धावा झाल्या. मग बुमराने स्टोक्सला पुल मारला आणि चेंडू मिड-ऑनच्या हातात गेला. नऊ बाद १४७. बुमरा जाताना इंग्लंडच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सिराज आला. ४६ हव्या होत्या. चहाची वेळ झाली, पुढे ढकलली, अखेर १६३ वर चहा झाला. तीस धावा. जडेजाचं अर्धशतक कधी होऊन गेलं, त्याने नेहमीसारखी बॅट तलवारीसारखी फिरवलीही नव्हती. शेजारचे आजोबा मामाला म्हणाले की मी इथे खूप सामने बघितलेत, यातला एकही असा नव्हता. मामाला त्यांचं इंग्रजी अर्धंच कळलं असावं, पण त्याने त्यांचा हात हातात घेतला आणि काही वेळ सोडला नाही.

चहानंतर मामाने माझ्याकडे स्कोअरबुक सरकवलं.

"आता तू लिही. मला बघायचंय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पाच दिवस त्याने प्रत्येक चेंडूनंतर मान खाली घातली होती. फलंदाजाचं हसणं, गोलंदाजाचं कमरेवर हात ठेवून उभं राहणं, झेल सुटल्यानंतरचे चेहरे, यातलं त्याने जवळजवळ काहीच पाहिलं नव्हतं. मी पेन्सिल घेतली. माझी टिंबं त्याच्यासारखी गोल येत नव्हती.

आर्चरचा एक चेंडू सिराजच्या हातावर आदळला. तो कळवळला, उभा राहिला, पुन्हा स्टान्स घेतला. समोर बशीर. त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला शनिवारी जडेजाच्या फटक्याने जबर मार बसला होता, तरी तो गोलंदाजीला आला होता. ७५ व्या षटकाचा पाचवा चेंडू. सिराजने तो बॅटच्या मधोमध, अगदी पुस्तकातल्यासारखा अडवला. मी टिंब काढायला पेन्सिल टेकवली.

चेंडू खाली पडला, फिरकी घेत मागे गेला, घरंगळत लेग स्टंपला जाऊन हलकाच टेकला. एक बेल पडली.

नव्वद टक्के लोकांना आधी कळलंच नाही. मला इंग्लंडचे खेळाडू धावताना दिसले तेव्हा कळलं. सिराज खाली बसला होता, बॅटवर डोकं टेकवून. क्रॉली, ज्याच्यावर शनिवारी सगळे चिडले होते, तोच त्याच्याजवळ आला. रूट आला, ब्रूक आला. जडेजा दुसऱ्या टोकाला उभा, १८१ चेंडूंत नाबाद ६१. मामा मला म्हणाला, "लिही बाळा." मी काढलेल्या टिंबावर डब्ल्यू गिरवला. ते टिंब खाली अजून दिसतं.

सगळे बाद १७०. २२ धावांनी हार.

लोक पायऱ्या उतरून जायला लागले. आम्ही बसून होतो, कारण ताळा जुळल्याशिवाय मामा स्कोअरबुक मिटत नाही. फलंदाजांच्या धावा १५२, अवांतर १८, एकूण १७०. मग गोलंदाजांच्या बाजूने. स्टोक्स २४ षटकं, ४८ धावा, ३ बळी. तो एकेक ओळ बोटाने पुढे सरकवत गेला. मग मागची पानं उलटून त्याने चारही डावांचे अवांतर एका कोपऱ्यात मांडले. आपण दिलेले ३१ आणि ३२, मिळून ६३. त्यांनी दिलेले १२ आणि १८, मिळून ३०. त्याने त्या दोन आकड्यांकडे बघितलं, वजाबाकी केली नाही.

स्टँड रिकामा करायला आलेला एक वयस्कर कर्मचारी आमच्या रांगेपर्यंत आला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, मग स्कोअरबुक पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकून थांबला. मामाची गोलंदाजांकडची बेरीज एका धावेने कमी येत होती. तो पुन्हा वरून मोजायला लागला. समोर गवतावर माळी खेळपट्टीकडे झाडू घेऊन निघाले होते. रूटचं एक षटक त्याच्या नजरेतून सुटलं होतं. एक धाव.

"जुळलं," मामा म्हणाला.

कर्मचाऱ्याने मान हलवली आणि पिशवी उचलायला हात पुढे केला.